पायांना न पटलेला समुद्र

चंद्रावरच्या वस्तीत नवं सभागृह उघडलं आणि आठवड्याभरात तक्रारींचा ढीग पडला. तिथे जो जाई त्याला गरगरायला लागे. छोट्या ऋत्विजने तर भिंतीवर कपाळ आपटून टेंगूळ आणलं होतं.

भिंतीवर शाल्मलीच्या आईने समुद्र रंगवला होता. जवळ माड, मध्ये होडी आणि लांबवर बारीक होत गेलेला किनारा. दारातून पाहिलं की वाटे, मैलभर चालत जावं. आईने चार महिने त्यावर घाम गाळला होता. पण वस्तीप्रमुख दाब्रेकाका म्हणाले, "वहिनी, वाईट वाटतं, पण सोमवारी भिंत पांढरी करू. माणसं आजारी पडतायत."

आई नुसती ब्रश धूत राहिली. अकरा वर्षांच्या शाल्मलीला ते बघवेना.

त्याच आठवड्यात पृथ्वीवरून मृण्मयीआत्या आली. ती इमारतींचे आराखडे करायची आणि जन्मापासून तिला दिसत नव्हतं. 'चित्राच्या भांडणात ही काय करणार?' शाल्मलीच्या मनात आलं. तरी ती आत्याला सभागृहात घेऊन गेली.

आत्याने चपला काढल्या, एक टाळी वाजवली, मग भिंतीला हात लावून चक्कर मारली.

"तुला इथे काय दिसतं?" तिने शाल्मलीला विचारलं.

"मोकळा समुद्र!"

"माझ्या पायांना गुळगुळीत पत्रा लागतोय आणि टाळीचा आवाज लगेच परत येतोय. मला तर हा डबा वाटतो. आता एक डोळा मीट, बोट समोर धर आणि मान हलव."

"बोट खूप सरकलं. बोटामागचं दार थोडंसंच."

"त्याला पराशय म्हणतात (आपण हललो की जवळची वस्तू दूरच्या वस्तूपेक्षा जास्त सरकलेली दिसणं). अंतर ओळखायला मेंदू ही खूण वापरतो. आता चित्राकडे बघत तसंच कर."

शाल्मलीने मान हलवली आणि ओरडलीच, "माड आणि होडी एकदमच सरकतात!"

"कारण दोन्ही एकाच भिंतीवर आहेत. वहिनीने यथादर्शन (दूरच्या वस्तू लहान काढून सपाट जागेवर खोली दाखवण्याची रीत) अचूक साधलंय. उभं राहिलं की डोळा फसतो. चालायला लागलं की डोळ्यालाच शंका येते, आणि तळवे तर काही केल्या मानत नाहीत. जागा आपल्याला नुसत्या डोळ्यांनी कळत नाही गं. डोळे, त्वचा, कान, पाय, सगळ्यांचं ऐकून मेंदू ती मनात बांधतो. साक्षी जुळल्या नाहीत की गरगरतं."

"मग चित्र पुसायचं?"

"छे! पायांना पटेल अशी जमीन करायची."

दाब्रेकाकांनी नाइलाजाने मान हलवत दोन दिवस दिले. वस्तीतल्या यंत्रमानवाने चंद्राची माती भट्टीत भाजून फरशा केल्या. दाराशी गुळगुळीत, पुढे खरखरीत, मग वाळूसारख्या दाणेदार. भिंतीच्या तीन पावलं अलीकडे बसता येईल असा ओबडधोबड दगडी कठडा आला. आता कुणी भिंतीपर्यंत जाणार नव्हतं, आणि हलताना जवळचा खरा कठडा जास्त सरकून समुद्राला आपोआप मागे ढकलणार होता.

सोमवारी ऋत्विज धावत आत शिरला. खरखरीत फरशी लागताच त्याचा वेग कमी झाला. कठड्याशी तो थांबला, दोन्ही हात दगडावर टेकून बघत राहिला. "गरगरतंय का रे?" शाल्मलीने विचारलं. त्याने मान न वळवताच म्हटलं, "अंहं. होडीत कोण आहे?"

दाब्रेकाका कठड्यावर बसले आणि बैठकीला उशीर झाला तरी उठले नाहीत. मग म्हणाले, "पुढच्या वस्तीतल्या शाळेचा नकाशा तुम्ही नणंद-भावजय मिळून करा."

"आणि मी!" शाल्मली म्हणाली.

आई मात्र कठडा ओलांडून भिंतीकडे गेली होती. तिने रंगात भाजलेल्या मातीची वाळू कालवली आणि एका लाटेवर जाड थर चढवला. तो सुकल्यावर आत्याचा हात धरून तिने लाटेवर ठेवला. आत्याची बोटं चढावरून हळूहळू वर गेली, टोकाशी क्षणभर थांबली आणि झपकन खाली आली.

"वहिनी," ती हसली, "लाट फुटली की गं!"