एकोणला चुका कुणी शिकवल्या?

त्या गुरुवारी संध्याकाळी माझ्या मुलीला मुद्दाम चुकायचं काम मिळालं होतं. रेवा दहा वर्षांची. तिने पहिलीतल्या मुलीसारखं बसायचं आणि सांगितलेली संख्या प्रकाशपाटीवर (बोटाने लिहिलं की उजळणारी पाटी) चुकीची लिहायची. समोर तिचे आजोबा, म्हणजे माझे बाबा, मुरलीधर तोडकर. विट्याजवळच्या प्राथमिक शाळेत त्यांनी पस्तीस वर्षं शिकवलं होतं. दोघांच्या मध्ये पोळ्यांच्या डब्याएवढी एक पेटी होती. पेटीला एक डोळा होता आणि आवाज होता. तिचं नाव एकोण.

शिक्षकांचं वार्षिक तंत्रज्ञान संमेलन नऊ दिवसांवर आलं होतं, सोलापूरला. बाबांचं वर्ष जानेवारीत नव्हे, या संमेलनापासून सुरू व्हायचं. बॅग भरून दाराशी ठेवलेली होती. यंदा त्यांना प्रथमच दहा मिनिटं बोलायला मिळणार होती.

एकोण म्हणाला, “एकोणसाठ लिही.”

रेवाने ६९ लिहिलं.

“साठातला सहा तुला बरोबर ऐकू आला,” एकोण म्हणाला. “आता एकोण म्हणजे काय, ते तुझ्या मनाने सांग.”

आणि तो थांबला. दोन सेकंद नाही, चांगली नऊ सेकंद थांबला. बाबाही थांबले. मी स्वयंपाकघरात मटार सोलत होते. लहानपणी बाबा माझ्यासाठी नऊ सेकंद कधी थांबल्याचं मला आठवत नव्हतं.

रेवाला कोडं पडलं. एवढं हुशार यंत्र, तर त्याने सरळ ‘चूक’ म्हणून ५९ का सांगू नये? आणि ६९ का आलं हे त्याला कळतं तरी कसं? बाबांनी तिला आधी चुकीतलं शहाणपण दाखवलं. एकोणीस, एकोणतीस, एकोणचाळीस, सगळ्यांच्या शेवटी नऊ येतो. म्हणून मूल स्वतःच नियम करतं की एकोण म्हणजे नऊ. साठाचा सहा, पुढे नऊ, झाले ६९. नियम चुकला, पण तो बनवायला डोकं लागतं. खरं तर एकोण म्हणजे एक ऊन (एक कमी). साठाला एक कमी.

“म्हणून याचं नाव एकोण,” बाबा म्हणाले. “हा नेहमी पूर्णाला एक कमीच राहणार. मास्तरही तसाच असावा.”

मग त्यांनी यंत्र कसं शिकतं ते सांगितलं. सुरुवातीला त्यांनी एकोणला फक्त बरोबर लिहिलेल्या पाट्या दाखवल्या, दोन हजार. प्रत्येक पाटीवर खूण होती ‘बरोबर’. दोन हजार पाट्यांनंतर एकोणला परीक्षेला बसवलं, तर कुणी काहीही लिहिलं, अगदी मांजर काढलं, तरी तो म्हणायचा बरोबर. रेवा खूप हसली. बाबांनी तिलाच विचारलं, असं का झालं असेल? ती विचार करून म्हणाली, की त्याने चूक कधी पाहिलीच नव्हती. सगळ्याला बरोबर म्हटलं तरी तो दर वेळी पास होत होता.

तेच खरं होतं. मग बाबांनी चुकलेल्या पाट्या जमवल्या. आता एकोण अंदाज करायचा, आणि अंदाज व खरी खूण यांत जो फरक पडेल त्याला म्हणायचं त्रुटी. यंत्राच्या आत हजारो भार (कोणत्या गोष्टीला किती महत्त्व द्यायचं ते सांगणारे आकडे) असतात. त्रुटी दिसली की प्रत्येक भार केसभर सरकवायचा. तबलजी तबला सुरात आणताना त्याचे लाकडी गठ्ठे हलक्या हातोडीने ठोकतो, एक ठोका इकडे, एक तिकडे, तसं. हजारो ठोक्यांनंतर सूर लागतो.

बाबांनी हाक मारून मला विचारलं, माझ्या भाषणाची वेळ लावशील का, दहा मिनिटांत बसतं का बघू. मी म्हटलं, मटार राहिलेत, उद्या बघू. मटार मूठभरच राहिले होते. मला त्या पेटीसमोर बसायचं नव्हतं, एवढंच.

शुक्रवारी सकाळी बाबा उठले नाहीत. झोपेतच गेले, असं डॉक्टर म्हणाले.

मला त्या पेटीचा हेवा का वाटायचा, ते इथे लिहायला हवं. पहिली ते चौथी बाबाच माझे वर्गशिक्षक होते. मास्तरांच्या मुलांना ठाऊक असतं, शाळेत बापाला सर म्हणायचं. मला इतकी सवय झाली होती की घरीही मी चुकून सर म्हणायचे आणि तेही सरांसारखंच ओ द्यायचे. इतर मुलांना ते समजावत. मला समजावलं तर लोक म्हणतील मुलीला झुकतं माप देतात, म्हणून माझ्या वाट्याला ओरडा. ते मी गिळलं होतं. पण निवृत्तीनंतर एक पेटी आली आणि त्याच माणसाच्या आवाजात लोणी आलं. एकोण तीनशे वेळा चुकला तरी बाबा तीनशे एकाव्या वेळी पुन्हा पहिल्यासारखं सांगत. चाळीशीची बाई पेटीवर जळते, हे कुणाला सांगणार?

तिसऱ्या दिवशी संमेलनाकडून निरोप आला. आधी सांत्वन होतं, मग अडचण. तोडकर सरांच्या अर्जात एक रकाना रिकामा राहिला होता, नमुन्यांचा स्रोत (यंत्राला शिकवायला वापरलेली उदाहरणं कुठून आणली ती माहिती). बुधवारपर्यंत तो भरला नाही तर एकोणला मंचावर आणता येणार नव्हतं. मला वाटलं, बरंच झालं. रेवा मात्र अडून बसली. आजोबा वर्षभर ज्याची वाट बघत होते ते घरात बसून घालवायचं का, असं तिने विचारलं.

आम्ही बाबांचा संगणक उघडला. पाट्यांचा स्रोत लगेच सापडला, अकरा शाळांची नावं होती. पण एकोण दुसरीही एक गोष्ट शिकला होता, मुलाशी बोलायचं कसं. त्याची संगणकात दोन दप्तरं (फोल्डर) होती. ‘योग्य’मध्ये वेगवेगळ्या शिक्षकांनी पाठवलेल्या तासांच्या नोंदी. ‘अयोग्य’मध्ये दोनशे बारा नोंदी, सगळ्या बाबांनी स्वतः टंकलेल्या.

रेवा समजून गेली. “याला फक्त चांगलं बोलणं दाखवलं असतं तर कसंही बोललं तरी त्याला बरोबरच वाटलं असतं. मांजरासारखं. वाईट बोलण्याचे नमुने लागणारच. पण ओरडल्याच्या नोंदी कुठले सर पाठवतील?”

मग ती वाचू लागली.

“के., वय सात. एकोणसाठऐवजी ६९. ‘डोकं घरी ठेवून आलीस का?’ अयोग्य. के., वय आठ. उत्तर येण्याआधी पाटी ओढून घेतली. अयोग्य. के., वय नऊ. वर्गात पहिली आली. ‘सोपा होता पेपर.’ अयोग्य. के., वय तेवीस. नोकरी लागल्याचं सांगायला आली. ‘सरकारी आहे का?’ अयोग्य.”

रेवाने मान वर करून विचारलं, “आई, ही के. कोण?”

माझं नाव केतकी. उठून पाणी प्यायले, परत आले आणि उरलेल्या नोंदी मीच वाचल्या. काही प्रसंग मी विसरले होते. बाबा विसरले नव्हते. प्रत्येक नोंदीखाली आकडा होता, त्या नमुन्यानंतर एकोणचे भार किती सरकले त्याचा. मी सात वर्षांची असतानाच्या त्या एका ओरड्याखालचा आकडा सगळ्यांत मोठा होता. आणि एकोणची नऊ सेकंदं ओढून घेतलेल्या त्या पाटीतून आली होती.

हेवा मात्र गेला नाही. उलट वाढला. जे माझं होतं त्यावर तो शिकला आणि त्याचं फळ त्याला मिळालं.

रकान्यात मी ‘खाजगी’ एवढंच लिहिलं. चाललं.

शनिवारी सोलापूरच्या सभागृहात चारशे शिक्षक होते. रेवाने एकोणला टेबलावर ठेवलं आणि सगळं दाखवलं, मांजरासकट. ती आजोबांपेक्षा बरं बोलली असावी. दहा मिनिटांत बसलंही. मग प्रश्न सुरू झाले. अक्कलकोटच्या लिंगायत आडनावाच्या एक बाई, पांढऱ्या केसांच्या, उभ्या राहिल्या. त्यांनी विचारलं ते एवढंच, की यंत्राला वाईट मास्तर दाखवायचा तर तो आणला कुठून? अर्जात तर खाजगी लिहिलंय.

मी माइक घेतला. सांगितलं, की तो वाईट मास्तर म्हणजे स्वतः तोडकर सर, आणि त्यातली के. म्हणजे मी.

मग लिंगायत बाई चष्मा पुसत म्हणाल्या, “मग माझेही चार लिहून घ्या. चार काय, चाळीस होतील.”

सभागृहात हसू पसरलं, पण ते थांबल्यावरही लोक बसले नाहीत. मंचाखाली रांग लागली. कुणी एक प्रसंग सांगितला, कुणी तीन. रेवा नाव न घेता टंकत होती, फक्त मुलाचं वय आणि पुढे ‘अयोग्य’. एका तरुण सरांनी परवाचाच प्रसंग सांगितला आणि विचारलं, तो मुलगा अजून वर्गात आहे, सोमवारी त्याच्याशी कसं बोलू? ते एकोणलाच विचारू, असं ठरलं. पुढच्या वर्षीपर्यंत एकोणकडे हजारो नमुने होतील आणि शंभर शाळांत तो बसेल, असं संयोजक म्हणाले.

त्यांनी नवा अर्ज पुढे केला आणि म्हणाले, आता स्रोताच्या रकान्यात नीट काही लिहू या. तुम्ही सांगा, मी लिहितो.

माइक अजून माझ्या हातात होता, चालू होता. मला ते ध्यानात होतं.

“लिहा, केतकी मुरलीधर तोडकर,” मी म्हटलं. “आणि बाबा, मला एकोणचा फार हेवा वाटायचा. अजून वाटतो. तुम्ही माझ्याशी असं बोलायला हवं होतंत.”