उभ्या लॉरीचा हॉर्न

पटलं तर घ्या, नाहीतर द्या सोडून. पण हे माझ्या मालनमावशीच्या बाबतीत खरंच घडलंय, आणि थापा मारायची तिला सवय नव्हती.

साल छप्पन्न. विक्रोळीला, आग्रा रोडला लागून तिची खोली. आजूबाजूला नुसतं गवत.

नवरा दशरथ पवईच्या खाणीतून खडीची लॉरी आणायचा. तिन्हीसांजेला घरावरून जाताना हॉर्न दाबूनच धरायचा. पुढे मालकाच्या आवारात लॉरी लावायची आणि चालत घरी यायचं.

येताना हॉर्न बारीक, चढा... दारावरून पुढे गेला की एकदम जाड. आवाज जाड झाला की मालन तवा चुलीवर ठेवायची.

"एक दिवस दारात थांबवा की गाडी!"

"मालक सोलून काढील गो," दशरथ हसायचा. "उभ्या गाडीचा हॉर्न वेगळाच लागतो. ना बारीक, ना जाड. तो काय तुझ्या नशिबात नाही."

श्रावणात उतारावर ब्रेक लागले नाहीत. दशरथ गेला. लॉरी भंगारात गेली.

मालन एकटी उरली. संध्याकाळ झाली की घर तिला खायला उठायचं. तरी कान रस्त्याकडेच.

आणि दिवाळीनंतर एका तिन्हीसांजेला...

लांबून हॉर्न.

बारीक. चढा.

तोच!

जवळ आला... आणखी जवळ...

फळीवरची भांडी थरथरायला लागली. आवाज जाड व्हायची ती वाट बघत राहिली.

जरासा उतरला... आणि तिथेच थांबला. ना बारीक, ना जाड.

हा आवाज तिने जन्मात ऐकला नव्हता.

तिने धावत जाऊन दार उघडलं.

रस्ता मोकळा. फक्त तोंडावर गरम हवा, आणि खडीची धूळ.

मग हॉर्न तसाच, न उतरता, बंद झाला.

दोन दिवसांनी माझी आई, म्हणजे तिची बहीण सुगंधा, भेटायला गेली. दार सताड उघडं. मावशी उंबऱ्यात बसलेली.

"चूल थंड का गं? जेवलीस कधी?"

"तवा कसा ठेवू? आवाज जाड झालाच नाही गं. पुढे गेलेच नाहीत ते. दारातच उभे आहेत."

आईने तिला ओढतच बोरीवलीला आमच्या घरी आणलं.

हे सांगताना आई मधेच आमच्या दाराकडे बघायची.

आता मी बघतो.