मस्कतचा ड्रायव्हर दौंडात!

“आजी! हातातल्या पिशवीत विळी? विमानात विळी नेऊ देत नाहीत!” कृपा जवळजवळ किंचाळलीच.

“आन् मेथी कशानं चिरू? फेथकडं नुसती सुरी असंल. सुरीनं कुठं मेथी चिरत्यात व्हय?” सगुणाआजी शांतपणे म्हणाली आणि तिनं विळी पुन्हा पातळात गुंडाळली.

पलंगावर लोळत पडलेला केविन खो खो हसत सुटला. शेजारच्या घरातली दीक्षा तोंडावर हात धरून हसत होती. मे महिन्याची सुट्टी, शिरूरमधलं उन्हानं तापलेलं घर, आणि घरात उघड्या पडलेल्या दोन भल्यामोठ्या बॅगा! परवा आजी मस्कतला निघाली होती. आयुष्यात पहिल्यांदा विमानात बसणार होती.

कारणही तसंच होतं. फेथआत्याला पहिलं बाळ होणार होतं आणि डॉक्टरांनी तिला पडून राहायला सांगितलं होतं. ती राहत होती सोहार नावाच्या गावात. मस्कतच्या विमानतळापासून ते चांगलं दोन-अडीच तासांच्या अंतरावर. आत्याचे यजमान, जेम्सकाका, तिला एकटीला सोडून आजीला आणायला येऊ शकत नव्हते. म्हणून कृपाच्या पप्पांनी, म्हणजे योहानरावांनी, एसटी स्टँडजवळच्या ‘गगनभरारी ट्रॅव्हल्स’च्या गुलाबशेठकडून मस्कतमधली गाडी आधीच ठरवून ठेवली होती. ड्रायव्हर आजीच्या नावाची पाटी घेऊन दाराशी उभा राहणार आणि तिला थेट आत्याच्या घरी सोडणार!

“ड्रायव्हरला सांगायला हवं, आजीला डाव्या कानानं कमी ऐकू येतं,” आजी स्वयंपाकघरात गेल्यावर कृपा म्हणाली. “नाहीतर तो हाका मारेल आणि ही आपली पुढे चालत राहील.”

“मग सांग की! नंबर दिलाय ना गुलाबशेठनं?” केविन उठून बसला. केविन म्हणजे कृपाचा आतेभाऊ. तो दौंडचा. त्याचे वडील रेल्वेत, घर रेल्वेच्या क्वार्टरमध्ये. सुट्टी लागली की तो आईबरोबर, म्हणजे अनिताआत्याबरोबर, शिरूरला यायचा.

दीक्षानं नंबर पाहिला आणि तिच्या कपाळाला आठी पडली. “हा तर आपल्याकडचाच नंबर आहे. मस्कतचा ड्रायव्हर भारतातला नंबर कशाला वापरेल?”

“असेल कुणी इकडचाच,” म्हणत कृपानं फोन लावला आणि स्पीकर चालू केला.

“हॅलो, येस येस!” पलीकडून घोगरा आवाज आला.

“काका, तुम्ही मस्कतचे ड्रायव्हर ना? परवा माझी आजी येणार आहे. सगुणाबाई.”

“येस येस! नो टेन्शन! गाडी रेडी!”

आणि तेवढ्यात, त्या माणसाच्या मागून, टिंग टाँग करत एका बाईचा खणखणीत आवाज आला: “प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावे! दौंडहून पुण्याला जाणारी डेमू...”

फोन कट!

केविननं पलंगावरून उडीच मारली.

“दौंड!” केविन ओरडला. “आमचं दौंड स्टेशन! ही बाई रोज मला झोपेतून उठवते. मी तिला ओळखणार नाही?”

“म्हणजे हा माणूस मस्कतला नाहीच!” दीक्षा म्हणाली.

कृपाची कानशिलं तापली. सोहार कुठं, मस्कत कुठं आणि दौंड कुठं! आजीला इंग्रजी येत नाही. ती त्या परक्या विमानतळावर उतरणार, पाटी शोधणार, आणि समोर कुणीच नसणार!

“चला,” ती म्हणाली. “गुलाबशेठकडे!”

गुलाबशेठ पंख्याखाली बसून कलिंगड खात होते. डोक्यावर मोठी पाटी होती, ‘परदेशातही चालकासह गाडी! निश्चिंत व्हा!’ मुलांचं ऐकून ते मोठ्यानं हसले.

“अरे पोरांनो, मस्कतला निम्मी मानसं आपल्याकडचीच हायत! कुनी टीव्ही लावला असंल, कुनी मोबाइलवर व्हिडिओ बघत असंल.”

“दौंड स्टेशनवरच्या डेमूचा व्हिडिओ? मस्कतमध्ये बसून?” केविननं विचारलं.

“हे इंटरनॅशनल काम हाय, बाळा. तुमच्या डोक्याभायेरचं. जा, कुल्फी खा जा!”

“आम्हाला कुल्फी नको,” कृपा म्हणाली. “तुम्ही आमच्यासमोर त्या ड्रायव्हरला व्हिडिओ कॉल करा. गाडी बघायचीय आम्हाला.”

गुलाबशेठचं हसू गेलं. “मोठ्यांशी असं बोलतात का? तुझ्या पप्पांना सांगू?”

त्यांनी खरंच सांगितलं! संध्याकाळी सणसवाडीच्या कंपनीतून पप्पा घरी आले ते रागावूनच.

“कृपा, गुलाबशेठ माझ्या ओळखीचा माणूस आहे! त्याच्या दुकानात जाऊन उलटसुलट बोलायचं? कशावरून, तर फोनमध्ये काहीतरी ऐकू आलं म्हणून?”

“काहीतरी नाही, पप्पा! दौंडची डेमू!”

“पुरे! आणि आजीच्या कानावर यातलं काही घालू नकोस. उगाच घाबरेल.”

कृपा रागानं लालबुंद झाली. चूक गुलाबशेठची, आणि बोलणी आपल्याला! ओळखीचा माणूस म्हणजे खरं बोलणारा माणूस, असं कुणी ठरवलं?

गच्चीच्या पायरीवर तिघांची बैठक बसली.

“पुरावा हवा,” दीक्षा म्हणाली. ती कधी आवाज चढवायची नाही, पण तिचं डोकं भराभर चालायचं. “तो स्टेशनवरच बसणारा कुणीतरी असणार. तो दौंडलाच आहे हे दाखवून द्यायला हवं. डोळ्यांनी!”

“आई उद्या दौंडला चाललीय. आजीबरोबर पाठवायचं लोणचं घरीच राहिलंय,” केविन म्हणाला. “संध्याकाळी परत येणार आहे. आपणही जाऊ!”

“तिला खरं सांगून जाऊ,” कृपा म्हणाली. “चोरून जायला आपण काय गुलाबशेठ आहोत?”

अनिताआत्यानं सगळं ऐकून घेतलं. तिला पूर्ण पटलं नाही, पण ती हसलीही नाही. “स्टेशनवर माझ्या नजरेसमोर राहायचं. आणि कुणाशी हुज्जत घालायची नाही, आधी मला हाक मारायची. कबूल?”

“कबूल!”

दुसऱ्या दिवशी एसटी न्हावऱ्यावरून धुरळा उडवत निघाली. दोन्ही बाजूंना उसाचे फड, खिडकीतून गरम वारा. केविननं वाटेत तीनही भाषांतल्या रेल्वेच्या सूचना इतक्या हुबेहूब म्हणून दाखवल्या की पुढच्या सीटवरच्या आजोबांनी दचकून विचारलं, “आं? गाडी कवा रुळावर चढली?”

दौंड स्टेशनवर मात्र तिघांचे चेहरे पडले. फलाटावर माणसंच माणसं, आणि निम्म्या माणसांच्या कानाला फोन!

“यातला कोणता?” केविन हताश होऊन म्हणाला. “आपण फोन लावला की कुणाचा वाजतोय ते या गोंगाटात कळणारही नाही.”

दीक्षानं जरा विचार केला. मग तिचे डोळे चमकले. “त्यालाच ओरडायला लावू! कृपा, ऐक...” ती कृपाच्या कानात कुजबुजली.

कृपानं फोन लावला.

“हॅलो, येस येस!”

“काका, मी सगुणाबाईंची नात. आजीला कमी ऐकू येतं. तुम्ही हाक कशी मारणार ते एकदा म्हणून दाखवा ना!”

“सगुणाबाई,” आवाज आला.

“ऐकूच येत नाही! अजून मोठ्यानं!”

“सगुणाबाई!”

“आजीला नाही ऐकू जाणार, काका! अगदी जोरात!”

“सगुणाबाईईई! ओ सगुणाबाईईई!”

अख्खा फलाट वळून बघायला लागला! एका हमालानं डोक्यावरची पेटी सावरली. एक म्हातारी घाईघाईनं पुढे आली आणि म्हणाली, “काय रं बाबा? मीच सगुणाबाई. काय झालं?”

पुलाच्या जिन्याशी, मोबाइलची कव्हरं टांगलेल्या स्टँडमागे, एक जाडजूड माणूस फोन कानाला लावून उभा होता. त्याचं तोंड अजून उघडंच होतं.

“आत्या!” तिघांनी एकदम हाक मारली.

अनिताआत्या आली ती फोनवर व्हिडिओ कॉल लावतच. पलीकडे कंपनीच्या कँटीनमध्ये जेवायला बसलेले पप्पा दिसत होते.

“दादा, नीट बघ,” आत्या म्हणाली. “हा आईचा मस्कतचा ड्रायव्हर.”

कृपानं पुन्हा तो नंबर फिरवला. जाड माणसाच्या हातातला फोन सगळ्यांच्या देखत वाजायला लागला.

त्याचं नाव म्हाळू. तो गुलाबशेठचा सख्खा मेहुणा निघाला.

“ताई, माझा काय बी दोष न्हाई! दाजी म्हनले, फोन आला की नुसतं येस येस म्हनायचं. गाडी बुक करायची ऱ्हाऊन गेली, म्हनले. म्हातारीला काय, तिथं उतरल्यावर कुनी तरी भेटतंयच!”

“कुणी तरी?” कृपानं विचारलं. “आणि नाही भेटलं तर? अनोळखी देशात, अनोळखी भाषेत, माझ्या आजीनं कुणाच्या गाडीत बसायचं? तुमची आई असती तर?”

म्हाळूनं मान खाली घातली. “मागं बी एकदा झालं आसं. कुरकुंभचे एक साहेब दुबईत उतरले व्हते. मला फोन करून लई शिव्या दिल्या. मी येस येस म्हनत ऱ्हायलो.”

व्हिडिओतल्या पप्पांच्या हातातला घास ताटात परत गेला होता.

संध्याकाळी सगळे शिरूरला पोचले तेव्हा पप्पा अर्धी सुट्टी टाकून स्टँडवर येऊन थांबले होते. तिथून वरात थेट ‘गगनभरारी’त!

“छोटीशी गोष्ट हो, योहानराव,” गुलाबशेठ गडबडीनं म्हणाले. “आत्ता बुक करून टाकतो की! आईंना काय कळायचं बी न्हाई.”

“तेच तर!” कृपा उसळली. “आजीला कळणार नाही म्हणून तुम्ही गाडी ठरवली नाही! आजी घाबरेल म्हणून पप्पा तिला सांगणार नाहीत! माझी आजी पार्सल आहे का, कुणीतरी चढवायला आणि कुणीतरी उतरवायला? प्रवास तिचा आहे! आधी तिला सांगा!”

पप्पा कृपाकडे वळले.

“बरोबर आहे तुझं,” ते हळूच म्हणाले. “गुलाबशेठ, उठा. आमच्या घरी चला. जे काय सांगायचं ते आईच्या तोंडावर सांगा.”

सगुणाआजीनं सगळं ऐकून घेतलं. कृपाला वाटलं, आजी आता रडणार. पण आजीनं गुलाबशेठकडे नुसतं रोखून पाहिलं.

“गुलाब, मला विंग्रजी येत न्हाई, आरबी येत न्हाई. म्हनून तर तुझ्यावर इसवास टाकला. तू म्हनला असतास, ‘मावशी, ऱ्हाऊन गेलं,’ तर म्या रागावले बी नसते. पन तू माझ्या नातीला खोटं पाडलंस!”

गुलाबशेठचा चेहरा खर्रकन उतरला. “चुकलं, मावशी,” एवढंच त्यांच्या तोंडून निघालं. त्यांनी सगळे पैसे परत देऊन टाकले. दारातल्या बाकावर जमलेल्या मंडळींनी हे सारं ऐकलंच होतं, त्यामुळे निम्म्या शिरूरला ते जेवणाआधी कळलं.

जेम्सकाकांनी फोनवरून मस्कतमधल्या खात्रीच्या गाडीवाल्याचं नाव सुचवलं. या वेळी मात्र गाडी ठरवली मुलांनी! ड्रायव्हरचं नाव होतं सालेम. तो तिथलाच, पांढऱ्या झग्यातला, गोल टोपी घातलेला. तोडकंमोडकं हिंदी बोलायचा. दीक्षानं व्हिडिओ कॉलवर त्याला गाडी दाखवायला लावली, तिचा नंबर दाखवायला लावला. केविननं विमानाचा नंबर दोनदा वदवून घेतला.

“विमान लेट झालं तर?” कृपानं विचारलं.

“लेट हो, कोई बात नहीं. मैं देखता रहेगा, रुकेगा. माता को छोड़के नहीं जाएगा!”

मग कृपानं फोन आजीच्या हातात दिला. “आता तू बोल. तुला काय विचारायचंय ते विचार.”

आजीनं पदर सावरला, फोन उजव्या कानापाशी नेला आणि एकच प्रश्न विचारला. “तुमारे घर में कौन कौन है, बेटा?”

सालेम हसला आणि सांगत सुटला. आई, बायको, चार मुली! आजीनं मान डोलावली. “चालतंय,” ती म्हणाली. “मानूस बरा हाय.”

विमानाच्या दिवशी संध्याकाळी सगळी मंडळी फोनभोवती कोंडाळं करून बसली होती. पप्पा आजीला मुंबईला सोडून नुकतेच परतले होते आणि त्यांना पाणी प्यायचंही सुचत नव्हतं. आजी उतरली असेल का? बाहेर आली असेल का?

टिंग! एक फोटो आला. त्यात आजी होती, शेजारी सालेम होता, आणि सालेमच्या हातातल्या पाटीवर चक्क मराठी अक्षरं होती. जेम्सकाकांनी पाठवलेलं नाव त्यानं बघून बघून काढलं होतं. ‘सगुणाबाई’मधला ‘ण’ जरा लंगडत होता, पण त्याच्याइतका सुंदर ‘ण’ कृपानं कधी पाहिला नव्हता!

थोड्याच वेळात आजीचाच फोन आला. “म्या गाडीत हाय! रस्ता कसा गुळगुळीत हाय म्हनून सांगू! सालेमच्या आईचं बी गुडघं दुखत्यात. तिला शेकायचं कसं, ते सांगत बसलेय. आन् कृपे...”

“काय, आजी?”

“तू भांडलीस म्हनून म्या इथं ताठ मानेनं उतरले बघ. अशीच भांडत जा, बाई. तुम्ही तिघं बी!”

खोलीत एकच गलका उठला. अनिताआत्यानं दीक्षाला कुशीत घेतलं आणि म्हणाली, “फलाटावरची ती युक्ती मला तर म्हातारी होईपर्यंत सुचली नसती!” केविननं लगेच स्टेशनवरच्या बाईच्या आवाजात जाहीर केलं, “प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावे! आजीची गाडी वेळेवर धावत आहे!”

पप्पा कृपासमोर येऊन बसले. “मी ओळखीच्या माणसाचं ऐकलं आणि घरच्या माणसाचं ऐकलं नाही,” ते म्हणाले. “चूक माझी. तुझा मला फार अभिमान वाटतो, कृपा.”

कृपाला काहीतरी जोरदार उत्तर द्यायचं होतं. पण तीन दिवस पोटात खदखदत असलेला राग कुठल्या कुठे गेला होता, आणि त्या जागी तिला आता प्रचंड भूक लागली होती.

“पप्पा,” ती म्हणाली, “जेवायला वाढा!”