वाऱ्याकडची बाजू आधी

खिंडीच्या माथ्यावर एक पर्जन्यमापक होता. वर्षभराचा पाऊस त्याच्या लोखंडी टाकीत साठायचा. बर्फाने वाट बंद होण्याआधी कुणीतरी वर जाऊन तो मोजायचा आणि टाकी रिकामी करायची. नाहीतर ती भरून वाहायची आणि वर्ष हातचं जायचं. हे काम भूगोलाच्या बाई बावीस वर्षं करत होत्या. निवृत्त झाल्या, गुडघे कुरकुरू लागले, तरी वहीतला एकही रकाना रिकामा नव्हता.

यंदा सोबत दोघं होते: शेजारचे शिंपीमास्तर आणि त्यांची भाची. ती दवाखान्यात नर्स होती. तिला सगळे भिंगरी म्हणत. वाटेतल्या मुक्कामांची जुनी राहुटी नऊ किलोंची, ती बाईंना झेपेना, म्हणून मास्तरांनी चार महिने खपून पातळ कापडाची नवी शिवली होती. वजन एक किलोसुद्धा नाही! खांबही नाहीत, चालायच्या, लांबी कमी-जास्त होणाऱ्या दोन काठ्या हेच तिचे खांब.

सराव शिवणाच्या खोलीत झाला. फरशीत खुंट्या ठोकता येत नाहीत, म्हणून कोपऱ्यांवर इस्त्र्या ठेवायच्या. मास्तर आधी काठ्या उभ्या करत, त्यांवर कापड चढवत आणि मग चारी कोपरे ताणत. बाई घड्याळ घेऊन बसत. सहा मिनिटं, पाच, शेवटी साडेतीन! बाईंनी टाळ्या वाजवल्या. आता डोळे बांधूनही उभारीन, अशी मास्तरांनी फुशारकी मारली. भिंगरीने लगेच त्यांच्या डोळ्यांना अस्तराची पट्टी बांधली, तरी राहुटी उभी राहिली. खोलीची खिडकी बंद होती, हे मात्र तिघांपैकी कुणाच्याही ध्यानात आलं नाही.

पहिला मुक्काम जंगलात पडला. मास्तरांना एक मऊ, सपाट खळगा आवडला. बाईंनी त्यांना वर बघायला लावलं. मांडीएवढी वाळलेली फांदी नेमकी डोक्यावर लोंबत होती! ते दहा पावलं सरकले आणि दोन झाडांमध्ये दोरी बांधून तिच्यावर कापड टाकलं. पहाटे पाऊस झाला. उजाडल्यावर पाहिलं, तर खळग्यात घोट्याएवढं पाणी!

दुसरा मुक्काम नदीकाठच्या वाळूत होता. तिथे ठोकलेली खुंटी बोटाने ओढली तरी निघून येई. बाईंनी युक्ती शिकवली. खुंटी उभी ठोकायचीच नाही. तिच्या मध्यावर दोरी बांधायची, हातभर खड्ड्यात ती आडवी पुरायची आणि वर दगड ठेवायचा. मग कितीही ओढा, हलत नाही. मास्तर म्हणाले, आता समुद्रावरसुद्धा दुकान टाकतो.

तिसऱ्या दिवशी दुपारी ते डोंगराच्या उघड्या धारेवर पोचले. खिंड अजून दोन तासांवर होती. आणि अचानक ढग खाली उतरले. गारांचा मारा सुरू झाला. वारा असा, की उभं राहवेना! इथेच थांबायचं, असं बाईंनी ठरवलं.

मास्तरांचे हात सवयीने चालू लागले. आधी काठ्या. मग वर कापड. पण कोपरे धरायला इथे इस्त्र्या नव्हत्या. वारा कापडाच्या पोटात शिरला. फट्! काठ्या कोसळल्या. राहुटी शिडासारखी फुगली. दोरी मास्तरांच्या मनगटाला गुंडाळलेली होती. ते पडले. फरफटत निघाले. पुढे कडा! पंधरा पावलं... दहा...

"मास्तर, सोडा ती!" बाई ओरडल्या.

मास्तरांनी सोडली नाही. भिंगरीने पाठीवरच्या पिशवीसकट फुगलेल्या कापडावर उडी घेतली. वारा तिच्याखाली दबला. कडा चार पावलांवर राहिला होता.

मास्तरांचं मनगट हाडापर्यंत सोललं होतं. ते नखशिखांत भिजले होते आणि थंडीने थडथडत होते.

भिंगरीने कड्यापासून दूर, एका खडकाच्या आडोशाला कापड जमिनीवर पसरलं. बाई त्यावर आडव्या झाल्या. आधी वाऱ्याकडची कड! तिथे तीन खुंट्या ठोकल्या, वर दगड ठेवले. मग बाकीचे कोपरे. काठ्या सर्वांत शेवटी, त्याही गुडघ्याएवढ्या आखूड केलेल्या. दार वाऱ्याच्या उलट बाजूला. ओलं कापड सैल पडत होतं, म्हणून दोऱ्या पुन्हा ताणल्या. राहुटी जमिनीला चिकटून बसली. वारा वरून घसरून गेला.

मास्तरांना आत ओढलं. त्यांचं थडथडणं थांबलेलं पाहून बाईंना हायसं वाटलं. भिंगरीचा चेहरा मात्र पांढरा पडला.

"फार उकडतंय गं," मास्तर हसून म्हणाले आणि सदऱ्याची बटणं काढू लागले.

गारांच्या वर्षावात माणसाला उकडत होतं! अंग फार गार पडलं की थडथडणं थांबतं आणि मेंदूच फसतो, हे भिंगरीने भराभर सांगितलं. ओले कपडे तिने स्वतःच उतरवले, कोरडे चढवले, मामांना पांघरुणात गुंडाळलं आणि दोघी दोन बाजूंनी बिलगून पडल्या. बराच वेळ मास्तर कुणा गिऱ्हाइकाशी कोटाच्या बाह्यांवरून भांडत होते. पहाटे ते पुन्हा थडथडू लागले, तेव्हा भिंगरी रडली.

सकाळी आभाळ निवळलं. समोर खिंड दिसत होती, पर्जन्यमापकाचा खांबही. पण पश्चिमेला पुन्हा ढग साचत होते आणि मास्तरांना दोघींच्या आधाराशिवाय एक पाऊल टाकता येत नव्हतं.

मास्तरांनी मान खाली घातली. मला इथे ठेवा, तुम्ही जाऊन या, असं ते पुन्हा पुन्हा म्हणत राहिले.

बाई खांबाकडे बराच वेळ बघत होत्या. मग त्यांनी मास्तरांचा हात आपल्या खांद्यावर घेतला आणि उताराकडे तोंड केलं.

उतरायला तीन दिवस लागले. घरी पोचल्यावर बाईंनी वही उघडली. आकड्याच्या जागी त्यांनी रेघ ओढली. शेजारी कारण लिहायचं होतं. हवा खराब होती असं लिहा, मास्तर पडल्या आवाजात म्हणाले. कोण विचारायला येणार आहे?

"हवा दरवर्षी अशीच असते," बाई म्हणाल्या. "घड्याळ लावून टाळ्या मीच वाजवल्या होत्या ना?"

आणि त्यांनी ठळक अक्षरात लिहिलं: 'हवामान नेहमीचे. राहुटी उभारण्यात चूक झाली. तिघेही सुखरूप.'