कडुनिंबावरचा कान

दोरी ओढण्याआधी दिवाकर पुल्लावारांनी भिंतीवरचं बटण दाबलं आणि दारातल्या कडुनिंबाकडे पाहिलं. खोडावर टांगलेल्या नारळाएवढ्या डब्यात हिरवा दिवा लागला. मग त्यांनी करवतीच्या मुठीत पाय रोवला, दोरीला हिसका दिला, आणि ती म्हातारी पेट्रोल करवत खोकत, शिव्या देत जागी झाली.

अहेरीच्या वाटेवरच्या त्या दुकानात हे रोजचंच होतं. चोरटी तोड थांबावी म्हणून वनश्रवण केंद्राने जंगलभर असे डबे टांगले होते. करवतीचा आवाज आला की डबा तो ओळखायचा आणि केंद्राला कळवायचा. कागदोपत्री त्याचं नाव 'वनकर्ण'. लोक सरळ 'कान' म्हणत. भिंतींना कान असतात असं पिढ्यान्‌पिढ्या सांगत आलेल्या माणसांना झाडांच्या कानांचं नवल फार दिवस वाटलं नाही. दुकानात करवत सुरू करायची तर आधी बटण दाबून कळवायचं, एवढाच काय तो जाच. कान फक्त करवती ऐकतो, बाकीचं काही साठवत नाही, असं टांगणाऱ्यांनी सांगितलं होतं. लोकांनीही ते मानलं होतं.

नव्या करवती बॅटरीच्या होत्या आणि केंद्राशी जोडलेल्या होत्या. वरून हुकूम आल्याशिवाय दात हलवायच्या नाहीत. पण वादळात रस्त्यावर झाड आडवं झालं आणि नेटवर्कनेही त्याच्याबरोबर मान टाकली, की गावोगावच्या पथकांना जुनीच करवत आठवायची. अशा करवती जिवंत ठेवण्याचा परवाना दिवाकररावांकडे होता. परवाना मिळवणं सोपं, सुटे भाग मिळवणं महाकर्मकठीण. कारखाने कधीच बंद पडलेले. कार्बोरेटरचा पडदा वरंगळच्या भंगारातून यायचा, पिस्टनच्या रिंगा केरळातल्या रबराच्या मळ्यांतून, आणि कुठेच काही नाही मिळालं तर एका मेलेल्या करवतीचं आतडं काढून दुसरीत बसवायचं. एका भागासाठी दिवाकरराव महिनोन्‌महिने लोकांना फोन करून छळायचे. बायको हयात होती तेव्हा म्हणायची, "पोरीचं स्थळ पाह्यतानी येवढी चौकशी नोती केली तुमी."

त्या दुपारी करवत तापत आली होती तोच केंद्राची गाडी दारात थांबली. ऋजुता रणदिवे उतरली. केंद्राची तपास अधिकारी, वय तिशीच्या आसपास, बोलणं पुण्याकडचं. दिवाकररावांनी करवत बंद केली आणि फडक्याला हात पुसत स्टूल पुढे सरकवलं.

"बसत नाही, मिस्त्री. एक आवाज ऐकवायचाय."

तिने हातातल्या टॅबलेटवर बोट टेकवलं. आधी नुसती घरघर आली. खर्जातली, जड, गिअरमधून दळून आल्यासारखी. मग ती लाकडात शिरली आणि एकदम स्वच्छ बोलू लागली. दिवाकररावांनी डोळे मिटले आणि त्यांच्या नकळत चेहराभर हसू पसरलं.

म्हैस! म्हैस उठली!

ही म्हैस म्हणजे एक अवाढव्य काळी करवत. त्यांची शिष्या तुळसा मडावी हिने ती एका बंद पडलेल्या आरागिरणीच्या भंगारातून उचलून आणली होती. तुळसा या दुकानात काम शिकली, आणि मग येरमगुड्याला, आपल्या गावी जाऊन वादळी पथकाच्या करवती सांभाळू लागली. गुरू-शिष्येने म्हशीचा पुर्जा न् पुर्जा खोलून पुन्हा जोडला होता, पण तिची ठिणगी पाडणारी कॉइल मेलेली आणि तशी कॉइल दुनियेत कुठे मिळेना. शेवटी या हिवाळ्यात ती कोट्टायमच्या एका गोठ्यात सापडली. दिवाकररावांनी स्वतः कापसात गुंडाळून ती येरमगुड्याला पाठवली होती. गिअरवर चालणारी अशी करवत मुलखात दुसरी उरली नव्हती. ज्या आवाजाची इतकी वर्षं वाट पाहिली, तो आज पहिल्यांदा कानावर पडत होता.

"हसलात तुम्ही," ऋजुता म्हणाली.

दिवाकररावांचं हसू जागच्या जागी वाळलं.

"जुना आवाज हाये, मॅडम. आता असा आयकाले भेटत नाही."

"करवत कुठली, हे यंत्राला कळलेलं नाही. हा नमुना त्याने कधी ऐकलेलाच नाही. पण ती कुणाच्या हाताने जुळवलीय, ते कळलंय." तिने टॅबलेट त्यांच्याकडे वळवला. आवाजाच्या नागमोडी रेघांखाली एकच नाव होतं. दिवाकर पुल्लावार.

"आता कान हातबी ओळखते?"

"पावसाळ्यापासून. हातखूण म्हणतो आम्ही तिला. पेट्रोल आणि हवेचं प्रमाण प्रत्येक मिस्त्री आपापल्या कानाने जुळवतो. दात घासताना कानस आपल्याच सवयीने तिरपी धरतो. या सगळ्याचा आवाजात ठसा उमटतो, अक्षर असतं तसा. तुमचा ठसा यंत्राला पाठ आहे. रोज बटण दाबून तुम्हीच तर ऐकवता." तिने कडुनिंबाकडे एक नजर टाकली आणि आवाज जरा चढवला. "राखीव जंगलातलं ऐनाचं मोठं झाड पडलंय. या कलमाला तुरुंग आहे, मिस्त्री. दंडावर सुटका नाही."

दिवाकररावांना पटेना. जंगल आपली माय आहे म्हणणारी तुळसा हिरवं झाड पाडेल? काहीतरी चुकत होतं. पण म्हैस तीच होती, त्यात चूक नव्हती.

"माझी खात्री करायची आहे," ऋजुता म्हणाली. "ही करवत माझ्यासमोर जुळवा."

त्यांना वाट दिसली. मुद्दाम वेडीवाकडी जुळवायची. आपलाच हात यंत्राला ओळखता आला नाही, तर यंत्र खोटं पडेल. मग त्याच्या शब्दावर ना त्यांना कुणी धरील, ना तुळसाला. त्यांनी बटण दाबलं, दोरी ओढली, पेचकस उचलला आणि पेट्रोलचा स्क्रू नेहमीच्या जागेच्या पुढे फिरवला. करवत किंचाळली. कोरडी, तापलेली, पिस्टन जाळून घेणारी किंकाळी. असं आणखी थोडा वेळ चाललं असतं तर ती मेली असती, आणि तिचा पिस्टन आता जगात मिळत नव्हता. त्यांनी दात आवळले. मनात म्हणाले, राहू दे, मरू दे. पण बोटं ऐकेनात. तापल्या तव्यावरून हात मागे यावा तसा पेचकस मागे फिरला आणि करवत सुटकेचा सुस्कारा टाकत आपल्या जागी येऊन लयीत बोलू लागली.

टॅबलेटवर त्यांचं नाव उमटलं.

त्यांनी करवत बंद केली. कपाळावरचा घाम पुसला. आता एकच उपाय उरला होता.

"मीच पाडलं थे झाड," ते म्हणाले. "घेऊन चाला मले."

"मंगळवारी दुपारी?"

"हो. मंगळवारीच."

"मंगळवारी दुपारी तुम्ही इथे पंचायतीची करवत तपासत होता. बटण दाबलं होतं तुम्ही. या कडुनिंबानेच ऐकलंय." ऋजुताच्या बोलण्यात जिंकल्याचा आनंद मुळीच नव्हता. "म्हणजे तुमचा हात दोन ठिकाणी आहे. दुसरा कुणाला शिकवून दिलात, मिस्त्री?"

दिवाकरराव खाली बसले. आपल्या खोटेपणाने आपण तुळसाला वाचवलं नाही, उलट तिच्या दारापर्यंत वाट दाखवली, हे त्यांच्या ध्यानात आलं आणि स्वतःचा भयंकर राग आला. नाव सांगितलं तर ती आत. नाही सांगितलं तर परवाना जाणार, दुकान जाणार, भिंतीवर लटकलेल्या या सगळ्या म्हाताऱ्या भंगारात जाणार. आणि तरीही शोध थांबेल याची खात्री नाही.

"पुन्हा एक डाव आयकवा," ते म्हणाले.

तिने ऐकवलं. या वेळी ते म्हशीच्या प्रेमात न पडता ऐकत होते. घरघर फार जवळची होती. तिच्यात हवा नव्हती, वारा नव्हता. शेवटी कडाड्‌ झालं आणि पुढे काहीच नाही.

"हा आवाज हवेतून नाही आला, मॅडम. लाकडातून आला. तुमचा कान याच झाडावर होता."

ऋजुताने हळूच मान डोलावली.

"इतक्या मोठ्या जंगलात नेमकं कानाचंच झाड पाडलं कोणी तरी. लाकूड नेलं का?"

"नाही. तिथेच पडून आहे."

"मंग याच्या आधीचं आयकवा. करवत सुरू व्हायच्या आधीचं."

"आधीचं काही साठवलं जात नाही," ती म्हणाली. वाक्य पाठ केल्यासारखं, कडुनिंबाला ऐकू जाईल असं. पण तिचं बोट टॅबलेटवर मागे मागे सरकत होतं.

आधी पाखरं आली. मग बायकांचे आवाज. येरमगुड्याच्या बायका मोहफुलं वेचून त्या ऐनाखाली टेकायच्या, हे दिवाकररावांना तुळसाकडून ठाऊक होतं. घरात बोलता येत नाही ते सगळं त्या तिथे बोलायच्या. एक जण नवऱ्याच्या माराबद्दल सांगताना हुंदके देत होती. दुसरी, उद्याच्या ग्रामसभेत कोणी उठायचं आणि कोणी गप्प राहायचं, ते ठरवत होती. तिसरीने आवाज खाली आणून विचारलं, "तुळसे, आपण मागल्या डावी बोललो थे केंद्राच्या साहेबाले कसं समजलं वं? शब्दाले शब्द!" आणि मग तुळसाचा ओळखीचा, घोगरा आवाज आला, "वरतं पाह्य. थो डबा." जरा थांबून, "मिस्त्रीनं कॉइल धाडली हाये. म्हैस आणतो मी." एक म्हातारी म्हणाली, "झाडाची माफी मांगून घेजो, बाई. त्याचा काई गुन्हा नाही."

ऋजुताने बोट टेकवून आवाज थांबवला.

"हे नियमाप्रमाणे अस्तित्वातच नाही," ती म्हणाली.

"मंग मले आयकू कसं आलं?"

तिने आवाज खाली आणला. "म्हणून तर नाव इथून घेता येत नाही. ते तुमच्या तोंडून यायला हवं. तेवढ्यासाठी पाठवलंय मला." मग पुन्हा चढ्या आवाजात, "बोला मिस्त्री. दुसरा हात कुणाचा?"

दिवाकररावांनी तिच्याकडे नीट पाहिलं. तिची नजर त्यांच्यावर नव्हतीच. ती दारातल्या झाडावर खिळली होती, आणि तिला भीती वाटत होती. त्यांच्याइतकीच.

ते उठले. करवतीच्या मुठीत पाय रोवला. सवयीने हात भिंतीकडे गेला, आणि बटणावर पोचण्याआधी त्यांनी तो परत घेतला. दोरीला हिसका दिला.

करवत गरजली. कडुनिंबावर लाल दिवा पेटला. दिवाकररावांनी खटका पूर्ण दाबला तसं पत्र्याचं छप्पर थरथरलं, खिळ्यांना लटकलेल्या साखळ्या किणकिणू लागल्या, रस्त्यापलीकडच्या चहावाल्याने दोन्ही कानांत बोटं घातली. जगातला दुसरा एकही आवाज आता त्या डब्यापर्यंत पोचत नव्हता. ते ऋजुताकडे वाकले आणि तिच्या कानाशी ओरडले, "आता बोला! काय बोलायचं थे बोला. इथं आता कोनीच नाही!"

मग तिने टॅबलेट स्टुलावर पालथा घातला आणि तोंड त्यांच्या कानाला लावलं. "माझ्या दारातल्या आंब्यावरही कान आहे," ती म्हणाली. "खिडकीजवळ. माझी मुलगी तिथे झोपते." तिने लाल दिव्याकडे पाहिलं, गरजणाऱ्या करवतीकडे पाहिलं, आणि पुन्हा वाकून विचारलं, "यातलं पेट्रोल किती वेळ पुरेल, मिस्त्री?"