चौदा महिने जळणारा दिवा

"खिडकीला हात लावलास तर माझं मेलेलं तोंड बघशील," माई म्हणाल्या आणि कडीपर्यंत गेलेला आशाचा हात तिथेच थिजला.

इंद्रलोक सोसायटीतल्या तळमजल्यावरच्या याच खोलीत आशाचा नवरा महिपत गेला, त्याला चौदा महिने झाले होते. तेरावं उरकलं तरी माईंनी लेकासाठी लावलेला दिवा विझू दिला नव्हता. त्याला वारा लागू नये म्हणून खिडकी कायमची बंद, फटींत जुन्या लुगड्याच्या चिंध्या कोंबलेल्या... आणि त्याच कोंदट खोलीत आशाची सात वर्षांची लेक सान्वी रोज आजीच्या कुशीत झोपत होती.

डॉक्टरांनी फुप्फुसाचा कॅन्सर सांगितला, तेव्हा माईंनी आपला निकाल देऊन टाकला होता. पोरगा चोरून सिगरेटी ओढायचा आणि बायको त्याला पाठीशी घालायची! महिपतने जन्मात विडीला हात लावला नव्हता. पण म्हातारीच्या त्या आक्रोशाला रागवायला कुणीतरी हवंच होतं, म्हणून आशा चार नातेवाइकांसमोर मान खाली घालून "ओढायचे" एवढंच म्हणाली, आणि त्या एका शब्दापायी आजवर बोलणी खात आली.

सोसायटीतल्या घरांची हवा तपासणाऱ्या इशिताने तीन महिने या खोलीत एक छोटी डबी टांगली होती. काल ती आकडा घेऊन आली. "काकू, रेडॉन नावाचा वायू खूप आहे इथे. जमिनीतून, लादीच्या भेगांतून वर येतो. रंग नाही, वास नाही. बंद खोलीत साठतो, श्वासातून आत जातो, त्याने फुप्फुसाचा कॅन्सर होऊ शकतो. काकांना त्यानेच झालं, असं मी नाही सांगू शकत. पण मुलीला इथे झोपवू नका. खिडकी उघडा, भेगा बुजवून घ्या."

तेव्हापासून त्या खोलीत पाऊल टाकताना आशाला वाटे, लादीखाली कुणीतरी दबा धरून बसलंय... पण सांगायचं कसं? महिपतला चौथा मजला हवा होता. गुडघ्यांपायी तळमजल्याचा हट्ट माईंनीच धरला होता.

मागे सान्वी दिव्याशेजारी उशी ठेवत होती.

"माई, ते ओढत नव्हते. मी खोटं बोलले," आशा म्हणाली, आणि मग इशिताचं सगळं बोलणं तिने सांगून टाकलं.

माईंनी वाकून लादीच्या भेगेवर बोट फिरवलं.

"तळमजला मी मागितला, आशा."

"कुणाला ठाऊक होतं, माई..."

माई उठल्या. एकेक चिंधी उपसू लागल्या. अडकलेली खिडकी दोघींनी मिळून ढकलली. खाडीवरचा वारा आत आला, ज्योत एकदा वाकली आणि विझली. आशा काडेपेटी आणायला वळली, तर माईंनी तिचं मनगट धरलं.

"राहू दे. पोरीचं अंथरूण हॉलमध्ये घाल."

दुसऱ्या दिवशी सकाळी बाहेरून माईंचा आवाज आला म्हणून आशा दारात गेली. दुखरे गुडघे ओढत माई तळमजल्यावरची दारं एकामागून एक ठोठावत होत्या आणि आपल्या मोडक्या हिंदीत सांगत होत्या, "खिडकी खुल्ली रखने का. मेरा लडका सिगरेट नहीं पीता था. बहू झूठ बोली, मेरे वास्ते."