ठिपका जिथं पडला

"टोक धरा हो, सुटायलंय!" मोहाच्या बुंध्याला मिठी मारल्यासारखी उभी राहून मी ओरडले.

झाड दांडगं होतं. माझे हात त्याच्या अर्ध्या घेरालाही पुरत नव्हते, आणि टेपचं दुसरं टोक पलीकडं कुठंतरी लोंबत होतं. कुणीतरी ते धरलं, ताणलं आणि वळसा घालून बरोबर माझ्या बोटांवर आणून टेकवलं. बोटं गार होती... आणि आमच्या मोजणीच्या टोळीतल्या कुणाची नव्हती.

"धरलं," आवाज आला. "आता सोडू का न्हाई?"

मी मान वाकडी करून पाहिलं. खांद्यावर काळी घोंगडी, हातात काठी, आणि डोळ्यांत हसू दाबून धरलेलं.

"तुमी कोण?"

"एडका हरवलाय, त्याला हुडकत होतो. तुमी झाडाला मिठ्या मारून राहिल्या, म्हणून थांबलो. म्हणलं, नवस-बिवस हाय काय!"

"घेर मोजायलेय झाडाचा. छातीच्या उंचीवर."

"कोणाच्या छातीच्या? तुमच्या का माझ्या?"

तो माझ्यापेक्षा चांगला वीतभर उंच होता. कानाच्या पाळ्या गरम झाल्या, पण मी हार मानणाऱ्यातली नव्हते.

"सरकारच्या," मी म्हणाले. "एक मीटर सदतीस."

"सरकारला छाती हाय व्हय?" तो खदखदून हसला. "बरं झालं कळलं. आमच्या सेनगावात कुणाला ठाव नव्हतं."

एडक्याच्या शोधात तो झुडपांत दिसेनासा झाला. मी आकडा लिहायला वही उघडली, तर आकडाच विसरले होते. पुन्हा मोजावं लागलं.

दोन हजार चारचा डिसेंबर होता. अकोल्याला वनशास्त्राची पदवी घेऊन मी देशभर चालणाऱ्या जंगल-मोजणीत कंत्राटावर लागले होते. टोळीत मी एकटीच बाई. प्रमुख होते अमरसिंगसाहेब, निवृत्तीला आलेले, हिंदी बोलणारे, मला 'बेटी' म्हणणारे. त्याच संध्याकाळी आमच्या गाडीच्या स्प्रिंगचा पाटा तुटला. साहेबांनी सेनगावच्या स्टँडवर एक जीप ठरवली. सकाळी जीप आमच्या मुक्कामाच्या दारात आली, आणि स्टिअरिंगमागं तोच, घोंगडी शेजारच्या सीटवर घडी करून ठेवलेली.

"एडका घावला का?" मी विचारलं.

"घावला. अन् तुमीबी घावल्या."

साहेब खोकले. मी खिडकीबाहेर बघायला लागले.

त्याचं नाव बजरंग. हटकर धनगराचं पोरगं, बी.ए. झालेला. घरी मेंढरं, थोडी शेती. हा जीप चालवायचा. पहिले दोन दिवस तो नुसता बघत राहिला. आम्ही नकाशावरचा ठिपका शोधत काट्याकुट्यातून जायचो, दोरीनं चौकोन आखायचो, त्यातलं एकेक झाड मोजायचो, सागाचं, धावड्याचं, सालईचं. तिसऱ्या दिवशी त्याला राहवलं नाही.

"पण एवढाल्या जंगलात हे एवढंसंच काहून मोजता?"

"शितावरून भाताची परीक्षा," मी म्हणाले. "सगळ्या देशातली झाडं मोजायची तर जन्म पुरायचा न्हाई. म्हणून नकाशावर ठिपके टाकतेत. जिथं पडंल तिथं जायचं अन् असंल ते लिहायचं. साऱ्या ठिपक्यांचं मिळून देशाचं जंगल कळतं."

"मग शीत चांगलं बघून घ्यावं की! तिकडं वढ्याकडं लई भारी झाडी हाय, चला नेतो."

"निवडून घेतलं की परीक्षा खोटी झाली."

त्यानं गिअर बदलला. मग आरशातून माझ्याकडं बघत म्हणाला, "म्हणजे जिथं पडला तिथं पडला. मग आपण कोण हलवणारे..."

मी नकाशात डोकं घातलं. आरसा मात्र त्यानं नंतर सारखा केला नाही.

एका दुपारी आभाळ अवचित भरून आलं. थंडीच्या दिवसांतला पाऊस, तिरपा आणि बोचरा. आम्ही दोघं चौकोनाच्या एका कोपऱ्यात, बाकीचे टेकडीच्या पलीकडं. मी कागद छातीशी धरून झाडाखाली पळाले. बजरंगनं घोंगडी काढली आणि माझ्या डोक्यावर धरली.

"माझ्यावर नको! कागदावर धरा. मी भिजले तर वाळंल, कागद वाळत न्हाईत."

"कागद तुमच्यापाशीच हायेत ना? मग तुमी सुटून कशा राहता?"

घोंगडीला लोकरीचा, धुराचा, मेंढरांचा वास होता. त्याचा एक खांदा बाहेर भिजत होता. मी हळूच एक पाऊल सरकले... जागा केली. तो आत आला, आणि आम्ही दोघंही समोरच्या पावसाकडं असं बघत राहिलो, जसं काही तोच मोजायचा आहे.

"दीक्षाबाई—"

"नुसतं दीक्षा म्हणलं तरी चालंल."

"दीक्षा..." त्यानं म्हणून पाहिलं, आणि घोंगडी माझ्याकडं जरा जास्तच ओढली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पुढच्या ठिपक्याची जागा नकाशावर त्याला दाखवली, आणि त्याच्या चेहऱ्यावरचं हसू गेलं.

"हा चुकला नसंल?"

"काहून?"

"काही न्हाई. चला."

नकाशावर तिथं जंगल होतं. डोळ्यांसमोर तूर उभी होती, कमरेएवढी, शेंगांनी वाकलेली. कडेला एक झोपडी, वाघुरात, म्हणजे जाळीच्या कुंपणात, मेंढरं. पटका बांधलेला एक म्हातारा काठी टेकत आमच्याकडं आला, मागून डोक्यावर पदर घेतलेली बाई.

"हे माझे आबा," बजरंग खाली बघत म्हणाला. "मसाजी. अन् ही माय, यशोदाबाई."

मसाजीकाकांनी दोरी पाहिली, टेप पाहिला.

"मोजायला आलात? तूर मोजता का माझी?"

"काका, जंगल मोजतो आमी. ठिपका इथं पडलाय."

"मग लिव्हा की जंगल! चार झाडं लिव्हा अन् जावा. तुमचंबी काम झालं, आमचंबी."

"झाडं न्हाईत इथं काका."

"होती. दहा वर्षांमागं मीच काढली. खोटं कशाला बोलू?" त्यांचा आवाज चढला. "माझ्या बापाचं कुरण होतं पल्याड. जंगलखात्याचे असेच आले मोजायला. मोजलं, मग चर खंदले, तारा मारल्या. मेंढरं कुठं न्यावी? मोजलं की जातं, पोरी. हे बी जाईल."

ते खोटं बोलत नव्हते. अमरसिंगसाहेब माझ्या कानाशी येऊन म्हणाले, "बेटी, रहने दो. दो सौ मीटर आगे जंगल है, वहीं नाप लेते हैं. कौन देखता है?"

कुणीच बघणार नव्हतं, ते खरंच होतं. सगळ्यांचं भलं होतं त्यात... बजरंगचंही.

"न्हाई साहेब," मी म्हणाले. माझाच आवाज मला परका वाटला. "जंगल गेलंय तिथं जंगल लिहिलं, तर साऱ्या देशाला वाटंल की हाय अजून." मग मी म्हाताऱ्याकडं वळले. "काका, मी तुमचं नाव लिहीत न्हाई. गावाचंबी न्हाई. हे कागद कुणाची जमीन काढायला न्हाईत, जंगल किती उरलं ते बघायला हायेत. पण इथं तूर हाय, तर मी तूरच लिहीन."

"कुणाची गं तू?"

"रामजी खंदाऱ्याची. हट्टा गावची."

आडनाव ऐकून त्यांनी मला पायापासून डोक्यापर्यंत पाहिलं. त्या नजरेची मला लहानपणापासून सवय होती. मी डोळे खाली केले नाहीत.

"बजरंग!" ते गरजले. "बसव हिला गाडीत अन् माघारी ने. ह्या दोरीला हात लावलास तर आज घराकडं येऊ नको."

तुरीतून वारा सळसळत गेला. बजरंग आईकडं बघत होता. मग तो खाली वाकला, दोरीचं टोक उचललं आणि शेंगा मोडू नयेत म्हणून सांभाळत, सरीसरीनं पलीकडच्या कोपऱ्याकडं चालू लागला.

चौकोनात शेताच्या धुऱ्यावरचा एक पळस आला, एक बाभूळ. दोन्ही मी मोजली. बाकी तूर. तसं लिहिलं.

त्या दिवसापासून तो सेनगावात जीपमध्येच झोपायला लागला. दोन दिवसांनी मला राहवेना. चहाच्या टपरीवर मी त्याला गाठलं.

"घरी जा तुमी. माझ्यापायी बापाशी तोडू नका."

"तुमच्यापायी न्हाई. तुमी खरं बोलल्या म्हणून."

"बजरंग, मी बौद्ध हाय."

"ठाव हाय. पहिल्याच दिवशी तुमच्या वहीवर आडनाव वाचलं, तवाच कळलं."

"मग?"

"मग काय? चहा घ्या, निवायलाय."

"हसण्यावारी नेऊ नका." माझे डोळे भरले, त्याचा मला राग आला. "तुमचे आबा एकदा हरले. पुन्हा त्यांना तकलीफ नको. अन् पळून-बिळून येणाऱ्यातली मी न्हाई. माझ्या बापानं मला मान वर करून चालायला शिकवलंय."

त्यानं कप खाली ठेवला. पहिल्यांदाच त्याच्या डोळ्यांत हसू नव्हतं.

"मीबी पळणार न्हाई. आज घरी जातो. आबाच्या तोंडावर सांगतो. ते हाणतील. उद्या पुन्हा सांगतो. कधीतरी त्यांचा हात थकंल, माझं तोंड थकणार न्हाई."

आठवड्याभरात आमचं हिंगोलीतलं काम संपलं. टोळी यवतमाळकडं निघाली. निरोपाला त्यानं हात हलवला नाही, नुसता उभा राहिला, आमची दुरुस्त झालेली गाडी नजरेआड होईपर्यंत.

ते वर्ष मी डोंगरांत काढलं. हट्ट्याला आमच्या शेजारच्या किराणा दुकानात फोन होता. मी सुट्टीवर घरी असले की त्यावर बजरंगचा फोन यायचा.

"काय म्हणतेत आबा?"

"आज ताट फेकलं."

पुढल्या वेळी, "आज नुसतंच उठून गेले." आणि मग कधीतरी, "आज म्हणले, जेव आधी."

मी रिसीव्हर दोन्ही हातांनी धरायचे. इकडं माझ्या बाबांनाही मी सांगून टाकलं होतं. ते ओरडले नाहीत. इतकंच म्हणाले, "त्याचं ठीक. त्याच्या गावाचं काय? तुला दाराबाहेर बसवलं तर?"

"मी बसणार न्हाई बाबा."

"ते ठाव हाय मला," बाबा म्हणाले. "म्हणून तर भ्या वाटतं."

पुढल्या वर्षाची तूर निघाली आणि एका सकाळी आमच्या दारात जीप थांबली. जीपमधून मसाजीकाका उतरले. नवा पटका, तीच काठी. आईनं, जनकाबाईनं, दारातच विचारलं, "पाणी देऊ का?" त्या प्रश्नात काय होतं ते आम्हा सगळ्यांना कळत होतं. बाबा उभेच होते.

"द्या," काका म्हणाले. "चहाबी घेईन. लांबून आलोय."

तांब्या त्यांनी घटाघटा प्यायला. बसले. मग बाबांकडं न बघता बोलायला लागले.

"सारा उन्हाळा मी वाट बघितली. आज चर खंदायला येतील, उद्या तारा मारायला येतील. कुणी आलं न्हाई. तुमची पोर बोलली तसंच झालं. तिच्या जागी मी असतो, तर भिऊन चार झाडं लिव्हली असती." ते थांबले. "माझं पोरगं रोज एकच बोलतं. लगीन करीन तर तिच्याशीच, पण तुमच्यादेखत. भावकी येणार न्हाई म्हणती. न येऊ दे. मी येईन. तिची सासू आत्ताच तिच्यासाठी पेटीतनं लुगडं काढून बसलीय."

"माझी पोर नोकरी सोडणार न्हाई," बाबा म्हणाले. "धम्म सोडणार न्हाई. अन् तुमच्या घरात तिचं ताट येगळं ठेवलं, तर मी दुसऱ्या दिवशी घेऊन येईन."

"येगळं ठेवलं तर मी आणून सोडीन," काका म्हणाले. "या काठीची आण."

आईनं तोंडाला पदर लावला. बाबांनी माझ्याकडं पाहिलं, मी बाहेर पडले.

बजरंग जीपला टेकून उभा होता, अंगठ्याचं नख चावत. आत यायचं धाडस झालं नसावं.

"काय... काय ठरलं?"

"तुमच्या आबांना तुमी सांगितलं," मी म्हणाले. "मायला सांगितलं. भावकीला सांगितलं. साऱ्या सेनगावला सांगितलं असंल."

"व्हय, पण—"

"मला कधी विचारलं?"

एवढं वर्षभर बापाच्या तोंडावर बोललेला माणूस आता जीपच्या आरशाशी चाळा करायला लागला.

"विचारायचंच... राहिलं की," तो कसाबसा म्हणाला. "आता विचारू?"

"विचार."

"दीक्षा... जंगलात फिर, डोंगरात फिर, महिना-महिना फिर. पण फिरून घरी येताना... माझ्या घरी येशील?"

समोरच्या ओट्यावर शेजारणी गोळा झाल्या होत्या. दुकानदार बाहेर आला होता. मी कुणाकडंही न बघता त्याचा हात धरला, गल्लीच्या मधोमध, भर उन्हात.

"येईन," मी म्हणाले. "आत चल. चहा निवायलाय."